चकाकी

वडिलांच्या आठवणींची पुस्तिका छापायला दिली आहे. लोअर परळ स्टेशनजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला छापखाना. आज मुखपृष्ठाचं ठरवायचं होतं. छापखान्यातल्या काकांनी एकाच फोटोचे तीन नमुने टेबलावर मांडले: साधं वॉर्निश, मॅट लॅमिनेशन, यूव्ही ग्लॉस.

यूव्हीचा पातळ लेप अतिनील दिव्याखालून गेला की क्षणात कडक होतो. काळा रंग खोल दिसतो, बोटांचे डाग पुसता येतात. मात्र घडीवर तो तडकू शकतो आणि त्यावर बॉलपेन नीट चालत नाही. काका सांगत होते, मी फोटोच बघत होते.

गिरणीच्या दारातला फोटो, १९८२च्या संपाआधीचा. ग्लॉसमध्ये बाबांचा मळका शर्ट चक्क नवा वाटत होता. कागद जरा तिरका केला की ट्यूबलाइट त्यांच्या चेहऱ्यावर येई आणि चेहराच नाहीसा होई. सरळ धरला की बाबा परत. कितीतरी वेळ मी तोच चाळा करत बसले.

भाची म्हणते, मॅट जास्त खरं वाटतं. असेल. (हल्ली सगळ्यांनाच मॅट हवं असतं. फिनिक्स मिलचा मात्र चकचकीत मॉल झाला.) बाबांना चकाकी आवडायची. दिवाळी अंकाचं गुळगुळीत मुखपृष्ठ ते आधी तळहाताने चाचपत, मग उघडत. की हे मीच आता ठरवतेय?

ग्लॉसच सांगितला. आतली पानं लेपाशिवाय. आईला समासात पेनाने बऱ्याच तारखा दुरुस्त करायच्या आहेत.