आमच्या मोटारीचा लहरीपणा

जी वस्तु कायमची बिघडते तिचा दोष शोधून काढणें फारसें अवघड नसतें. ती कितीहि वेळां तपासली, तरी दोष जागच्या जागींच सांपडतो. खरी परीक्षा पाहते ती कधीं चालणारी व कधीं न चालणारी वस्तु. कारण तपासणाऱ्यापुढें ती नेमकी शहाण्यासारखी वागते. आमची जुनी मोटार अशाच स्वभावाची होती.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची, चोकचें बटण असलेली ही मोटार आम्ही हौसेखातर ठेवलेली नाहीं. माझ्या आजोबांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें त्यांना आठवड्यांतून तीनदां डायालिसिससाठीं शहरांत न्यावें लागतें, आणि त्या पहांटेच्या वेळीं आमच्या गांवाहून एस्. टी. नसते. किल्ली फिरवितांच कधीं इंजिन तत्काळ सुरू होई; कधीं मात्र ‘टक्’ असा एकच आवाज होऊन सर्व शांत होई. मग शेजाऱ्यांना उठवून धक्का मारावा लागे. एके दिवशीं आजोबा काकांना म्हणाले, “राहूं दे रे आज. एक दिवस नाहीं गेलों, तर काय होतें?” काय होतें, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

काकांनीं मोटार दोन ठिकाणीं दाखविली. एका मेकॅनिकनें नवी बॅटरी बसविली; दुसऱ्यानें सेल्फ उलगडून त्याचे कार्बन बदलले. दोन्ही वेळां मोटार तेथें उत्तम चालली आणि चार दिवसांनीं पुन्हां अडली. तेव्हां आमच्या शास्त्राच्या शिक्षकांनीं मला सुचविलें कीं, आणखी कांहीं बदलण्यापूर्वीं, मोटार अडते त्या क्षणींच तिला एकेक प्रश्न विचारावा व उत्तर वहींत लिहून ठेवावें.

पहिला प्रश्न, इंजिन फिरतें कीं नाहीं? तें फिरूनहि पेट घेत नसेल, तर दोष बहुधा पेट्रोलच्या किंवा ठिणगीच्या वाटेवर असतो. मुळींच फिरत नसेल, तर बॅटरी, सेल्फ अथवा त्यांच्या जाड तारा यांत. आमचें इंजिन फिरतच नव्हतें. म्हणून कार्बोरेटर व प्लग संशयांतून मुक्त झाले. दुसरा प्रश्न, पुढचे दिवे लावून किल्ली फिरविली तर ते मंदावतात काय? ते अगदीं मंदावले असते, तर बॅटरीचा किंवा तिच्या टोंकांवरील जोडांचा संशय आला असता. आमचे दिवे स्वच्छ जळत राहिले. तिसरी नोंद अनपेक्षित होती. दोन-तीनदां किल्ली फिरविल्यावर चोकची तार हाताला गरम लागली. या तारेचें काम कार्बोरेटरची झडप ओढण्याचें. विजेशीं तिचा संबंध काय?

शिक्षकांनीं उत्तर न सांगतां ओहमचा १८२७ मधील नियम आठवावयास सांगितला. प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेंत खर्च होतो. सेल्फला सुमारें १५० अँपिअर प्रवाह लागतो. वाटेंत अवघा ०.०३ ओहम रोध असला, तरी ४.५ व्होल्ट तेथेंच नाहींसे होतात, व बारा व्होल्टांच्या बॅटरीपैकीं सेल्फच्या वांट्याला पुरेसें येत नाहीं. उलट, तपासणीचा लहान दिवा अर्धा अँपिअरहि घेत नाहीं. त्याला तीच वाट निर्दोष दिसते.

शिवाय वीज बॅटरींतून जाते, तशी तिला परतहि यावें लागतें. इंजिनपासून मोटारीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याच्या तंतूंची एक विणलेली पट्टी असते. ती परतीची वाट. ती तुटली, तर वीज मिळेल त्या वाटेनें परतते. आमची वीज चोकच्या तारेंतून परतत होती!

पुढच्या खेपेस मोटार अडतांच मीं मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरें इंजिनच्या उघड्या धातूवर टेकविलें आणि काकांना किल्ली फिरवावयास सांगितलें. अर्ध्या व्होल्टाहून कमी दिसावयास हवें होतें. मीटरनें सहा व्होल्ट दाखविले. वाकून पाहतों तों पट्टीचे बहुतेक तंतु हिरवे पडून तुटलेले. इंजिन रबराच्या आधारावर बसलेलें असल्यामुळें किंचित् हलतें. त्याबरोबर उरलेले तंतु कधीं टेकत, कधीं सुटत. म्हणूनच रस्त्यावरील हिसक्यांनीं मोटार मेकॅनिकच्या दारीं पोहोंचेपर्यंत ‘बरी’ होत असे.

नवी पट्टी, काचकागदानें घासून स्वच्छ केलेला धातु आणि घट्ट आवळलेला बोल्ट एवढ्यावर काम भागलें. खर्च बॅटरीच्या किंमतीच्या मानानें अगदींच किरकोळ आला. मेकॅनिकांस नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. लपलेला दोष कोणालाच दिसत नाहीं. त्यानंतर आजतागायत वहींत ‘अडली’ हा शब्द पुन्हां लिहावा लागला नाहीं, आणि पहांटे आजोबाहि ‘राहूं दे’ म्हणत नाहींत.

वाचकहो, वाट खरी आहे कीं नाहीं, हें तिच्यावरून भार गेल्याखेरीज कळत नाहीं. म्हणून जो दोष येतो व जातो, त्यावर तर्कानें औषध करूं नये. तो प्रकट होईल त्या वेळीं जवळ असावें, शांतपणें पाहावें, आणि एका वेळीं एकच प्रश्न विचारावा.