ग्रेसचे मार्क

परवा टेक्सासहून लेकीचा फोन आला. "आई, नापास झाले गं." माझ्या तोंडून लगेच मास्तरणीचाच प्रश्न निघाला, "किती मार्कांनी?"

"मार्क सांगतच नाहीत. पास किंवा नापास, बस्स."

मला काही उलगडेना. पुण्याची सिव्हिलची पदवी, पंधरा वर्षं नोकरी, मग या वयात परीक्षा कसली? तेव्हा तिने नीट समजावलं. तिकडे नुसत्या पदवीवर इमारतीच्या किंवा पुलाच्या आराखड्यावर जबाबदार इंजिनिअर म्हणून सही करता येत नाही. आधी 'एफई' ही पायाभूत विषयांची परीक्षा, ११० प्रश्न. साधारण चार वर्षं परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली अनुभव. आणि 'पीई': ८० प्रश्न, आठ तास. पूर्वी लोक पुस्तकांच्या बॅगा भरून न्यायचे. आता सगळं संगणकावर, पडद्यावर देतील तेवढेच संदर्भ बघायचे. परीक्षा देशभर एकच, पण परवाना ज्या त्या राज्याचा.

"अगं, पण एक-दोन मार्कांसाठी कशाला अडवायचं? आम्ही ग्रेस देत होतो की!"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "इथे हा कायदा कसा आला, माहितीये?"

१८ मार्च १९३७. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा. पैसे वाचावेत म्हणून तेलक्षेत्राच्या वाहिनीतून गॅस जोडून घेतलेला. त्याला वास नव्हता. तो जमिनीखाली साचत गेला, कुणाला पत्ताच लागला नाही. कार्यशाळेत एक यंत्र सुरू केलं, ठिणगी पडली आणि शाळा कोसळली. सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्याच वर्षी टेक्सासने इंजिनिअरांना नोंदणी सक्तीची केली आणि गॅसमध्ये वास मिसळण्याचा नियमही केला.

मी खुर्चीवर बसले. सगळा जन्म वर्गात गेला माझा. डोक्यावरचं छत कुणाच्या सहीने उभं आहे, हे एकदाही मनात आलं नव्हतं. पावसाळ्यात गळायला लागलं की बाकं सरकवायची, एवढंच.

ग्रेस दिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्या मुलांचं वर्ष वाचलं. चुकलं असतंच, तर नुकसान त्यांचं त्यांना होतं. इथे मात्र चूक एकाची, आणि किंमत भलत्याच कुणी मोजायची.

"माझ्या पुलावरून शाळेच्या बस जातात, आई," ती म्हणाली.

पुन्हा बसणार आहे ती. असो. या वेळी मी मार्क विचारणार नाही.