साल जांभळी, गर पांढरा

दुबईत नर्स असलेली माझी मावसबहीण सुट्टीवर आली आणि तिने एक छोटी बरणी माझ्या हातात ठेवली. आत गडद जांभळा, तुपकट, चमच्याने उचलला तर तसाच उभा राहणारा पदार्थ. "जांभळ्या रताळ्याचा जॅम. आमच्या वॉर्डातल्या फिलिपिनो मुली करतात. पोळीला लावून खा." खाल्ला आणि मनात बसला. आपल्या घरी हा व्हायलाच हवा असं वाटलं. मुरांबा, साखरांबा यांतलं मी कधी काही केलेलं नाही. रताळं माहीत होतं तेही उपासापुरतं: आषाढीला कीस, महाशिवरात्रीला तुपात परतलेल्या गोड फोडी.

काळेवाडीत तापकीर चौकाजवळ हातगाड्यांवर रताळी मिळतात. साल छान जांभळट लाल, म्हणून मी खुशीत किलोभर तोलायला सांगितली. जॅमसाठी हवीत म्हटल्यावर भाजीवाल्या दादांनी एक रताळं मधोमध कापून दाखवलं. आतून पांढरं, कापल्या कडेला चिकाचे बारीक थेंब. दुसरं कापलं, तेही पांढरंच. "ताई, ही बेळगावची. करमाळ्याकडची घ्या नाहीतर कुठलीही, साल कितीही रंगीत असली तरी गर पांढराच निघणार," ते म्हणाले. मी गोंधळले. साल जांभळी तर गर जांभळा का नाही? मग बहिणीच्या बरणीत होतं ते काय?

घरमालकीणबाईंचं माहेर दापोलीकडचं. त्यांना बरणीतला उरलासुरला चमचाभर चाखायला दिला. त्यांनी जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, "अगं, हे रताळं कुठलं? हे कोनफळ." थंडीत, संक्रांतीच्या सुमारास पिंपरीच्या मंडईत कोनफळ येतं. ओबडधोबड, मातकट, वरून लाकडासारखं दिसतं. गुजराती घरांतून उंधियोसाठी त्याला मागणी असते. कोकणात, वसईत ते परसात होतं. साल काढली की आतून जांभळं.

बहिणीला फोन केला, तिने तिच्या मैत्रिणींना विचारलं आणि उलगडा झाला. फिलिपिन्समध्ये ज्याला 'उबे' म्हणतात तो कंद आणि आपलं कोनफळ हे एकाच जातीचे, डायोस्कोरिया अलाटा. रताळ्याशी त्याचं दूरचंही नातं नाही. रताळं गारवेलीच्या कुळातलं, अमेरिका खंडातून आलेलं, कोनफळ आशियाचंच. फिलिपिन्समध्ये बागियो नावाच्या डोंगरावरच्या शहरात गुड शेफर्ड कॉन्व्हेंटमधल्या नन्स या कंदाचा जॅम कित्येक वर्षं करून विकतात आणि त्या उत्पन्नातून गरजू मुलांची शिक्षणं होतात. हे ऐकल्यावर तर माझी ओढ आणखी वाढली.

खरी गोम पुढेच होती. आतून जांभळं असं रताळंही असतं! हे मला चाकणला मी काम करते त्या कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. आमच्या स्टोअरमध्ये काम करणारा ओडिशाचा एक मुलगा माझी कहाणी ऐकून म्हणाला की त्याच्या काकांनी असलीच रताळी लावली आहेत. वाणाचं नाव भू कृष्णा. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने तो काढला आहे. या संस्थेचं प्रादेशिक केंद्र भुवनेश्वरला आहे, त्यामुळे ओडिशात हा वाण लवकर पोचला. त्याच्या 100 ग्रॅम गरात 85 ते 90 मिलिग्रॅम अँथोसायनिन असतं. जांभळाला जो रंग देतं तेच हे द्रव्य. याच संस्थेचा भू सोना नावाचा नारिंगी गराचा वाणही आहे. गावाहून परतताना त्या मुलाने माझ्यासाठी पिशवीभर रताळी आणली. चाकणच्या पट्ट्यात देशभरातून माणसं येऊन राबतात. त्यांच्या गावचं खाणं आपण किती कमी विचारतो, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

रताळं कापलं तो क्षण मी विसरणार नाही. सालीपासून गाभ्यापर्यंत सगळं जांभळं, मध्ये किंचित फिकट वलयं. विळीचं पातं जांभळं, बोटं जांभळी, फोडी धुतलेलं पाणी जांभळं. सिंकमध्ये मात्र त्या पाण्याचा रंग बदलला. भांड्यांचा साबण लागला होता तिथे ते निळं-हिरवं दिसू लागलं. मी थबकले. हा रंग टिकायचा तरी कसा?

म्हणून जॅमला हात घालण्याआधी मी तीन वाट्यांत ते जांभळं पाणी घेतलं. एकीत लिंबाचे थेंब पिळले, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला, तिसरी तशीच ठेवली. लिंबाची वाटी बघता बघता राणी रंगाची झाली, सोड्याची निळी आणि मग हिरवट. अँथोसायनिनचा स्वभावच तो: आंबट लागलं की लालीकडे, सोड्यासारखं अल्कधर्मी काही लागलं की निळ्या-हिरव्याकडे. तेव्हा पाण्याचा मुद्दा लक्षात आला. 2019 च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं, आणि मधल्या दिवशी आमच्या इमारतीत बोअरचं पाणी वापरतात. ते जड, क्षारांचं. त्यात रताळी उकडली तर रंग निळसर पडतो आणि निम्मा पाण्यातच जातो. म्हणून रताळी वाफवायची, पाण्यात बुडवायची नाहीत. लोखंडी कढईही नको, कारण लोहाने रंग काळपट होतो. स्टीलची जाड बुडाची कढई घेतली.

वाफवण्यातही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रताळ्यात एक विकर असतं, ते पिष्टाची साखर करतं. साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान त्याचं काम जोरात चालतं; त्यापुढे उष्णता गेली की ते थांबतं. कुकरच्या शिट्टीत रताळं तो टप्पा झपाट्याने ओलांडतं, म्हणून कमी गोड लागतं. मंद आचेवर सावकाश शिजलेलं, किंवा गावाकडे चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं मधासारखं गोड लागतं ते यामुळे. जांभळ्या रताळ्यात मुळात गोडवा कमी आणि पिठूळपणा जास्त, त्यामुळे त्याला ही सवड द्यायलाच हवी. मी सालीसकट, बारीक गॅसवर, इडलीपात्रात ठेवली आणि विणायची सुई सहज आरपार जाईपर्यंत वाट पाहिली.

सोलून गर पुरणयंत्रातून काढला. अर्धा किलो गराला 200 ग्रॅम साखर, एका नारळाचं दाट दूध, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ. गूळ घालायचा मोह झाला होता, पण गुळाचा तांबूस रंग जांभळ्यावर चढला असता. सुरुवातीला सगळं सैल, पातळ पिठल्यासारखं. साखर विरघळली की रटरटायला लागतं आणि शिंतोडे उडतात. लांब दांड्याचं उलथनं घ्या, हाताला चटका बसतो. नारळाचं दूध फुटू नये म्हणून आच बारीकच ठेवायची. आणि सतत ढवळायचं, बुडाला लागू द्यायचं नाही.

झालं हे ओळखायचं कसं, हा माझा सगळ्यात मोठा पेच होता. साखरांब्याला तार बघतात, इथे तार येत नाही. घरमालकीण काकूंना खाली हाक मारली. त्या वर येऊन कढईशी उभ्या राहिल्या. "तारेचं सोड. उलथन्याने मधून रेघ ओढ. बूड दिसलं आणि रेघ लगेच बुजली नाही, की उतरव." पाऊण तासाने तसं झालं. मिश्रण कढईच्या कडा सोडायला लागलं, तूप कडेला सुटलं, रंग दाट झाला. उतरवून कोमट झाल्यावर अर्धं लिंबू पिळलं. निळसर झाक गेली, जांभळ्यात लाली उतरली आणि चवीला धार आली. हे लिंबू मी तरी कधीच वगळणार नाही.

पुढे संक्रांतीला मंडईतून कोनफळ आणून त्याचाही केला. कच्चं कोनफळ सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून तेल चोळावं लागतं. त्याचा गर चिकट, रंग फिकट, साखर जास्त लागते. वास मात्र फार सुंदर, बहिणीच्या बरणीतला तोच. चवीला मला रताळ्याचा आवडला. पोळीला लावायला, मुलांच्या डब्यात द्यायला तो सरस आहे. काकूंचं मत कोनफळाच्या बाजूने पडलं आणि त्यांच्या माहेराकडे पाहता ते रास्तच आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. याला जॅम म्हटलं तरी हा बाहेर टिकणारा जॅम नाही. एफएसएसएआयच्या नियमानुसार जॅममध्ये विद्राव्य घटक किमान 65 टक्के लागतात. आपण घातलेली साखर त्याच्या जवळपासही जात नाही. रताळं, नारळाचं दूध हे सगळं कमी आंबट. अर्ध्या लिंबाने रंग खुलतो, पदार्थ टिकत नाही. असा पदार्थ हवाबंद बरणीत फडताळात ठेवला तर त्यात बोट्युलिझम या घातक अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. म्हणून कोरड्या बरणीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. लोणच्याच्या बरणीशेजारी त्याला जागा नाही.

पिशवीतली शेवटची दोन रताळी मी कापली नाहीत. गच्चीतल्या मातीच्या टोपात ती पुरली आहेत आणि त्यांना वेल फुटले आहेत. रताळं वेलाच्या फाट्यांवरूनच लावतात. वीतभर लांबीचा, तीन-चार पेरांचा तुकडा पुरतो. निचऱ्याची हलकी जमीन असेल तर भू कृष्णा चार महिन्यांत तयार होतं. खेडच्या, मावळच्या शेतकरी दादांनो, ताईंनो, महाशिवरात्रीसाठी पांढरी रताळी लावताना एखादी सरी या वाणाची लावून बघा, आणि माल निघाला की पिंपरीच्या मंडईत आणा. काळेवाडीतून पूल ओलांडून मी घ्यायला येईन, आणि एकटी येणार नाही.