गॅस गेला कुठे?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी सोलापूरहून आईचा फोन. "बुधवारी सोडतायत रे घरी. येतोयस ना गाडी घेऊन?" गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई, सोलापूरचा मे आणि पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर. "हो गं, येतो की!" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आठवलं, गाडीचा एसी परत गेलाय.

'परत' हा शब्द महत्त्वाचा. दोन वर्षांत तीनदा गॅस भरून झाला होता. पहिला वर्षभर पुरला, दुसरा सहा महिने आणि तिसरा जेमतेम तीन आठवडे. दर वेळी तोच संवाद. "गॅस संपलाय साहेब." "बरं, भरा." मीही आपला पेट्रोल भरल्यासारखा पैसे देऊन निघायचो.

आता लाज वाटते सांगायला. अस्मादिकांची डिग्री मेकॅनिकलची! (आयटीत काय करतोय हे विचारू नका.) रेफ्रिजरेशन सायकलची आकृती काढून चांगले मार्क मिळवलेत. कंप्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर आणि परत कंप्रेसर. बंद चक्र. त्यात गॅस 'संपत' नसतोच. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. आणि गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही थोडं थोडं जातं, म्हणजे आज ना उद्या कंप्रेसरही बसणार.

वर हा आर-१३४ए. ओझोनला खाणारा आर-१२ हद्दपार झाला तेव्हा त्याच्या जागी आलेला. ओझोनला याचा त्रास नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. म्हणूनच २०१६च्या किगाली करारात याचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. आणि मी तो दर वेळी हवेत सोडायला विकत घेत होतो.

तर या वेळी दुकान बदललं. नव्या ठिकाणचे काका साठीचे. म्हटलं, "काका, आधी लिकेज शोधू, मग गॅस."

"वेळ लागेल, साहेब."

"लागू दे."

काकांनी उरलासुरला गॅस मशिनमध्ये काढून घेतला. गेजचा पाईप लावून सिस्टीममध्ये नायट्रोजन भरला. (साधी हवा नाही, तिच्यात ओल असते.) मग स्पंजने प्रत्येक जॉइंटवर साबणाचा फेस. कंडेन्सर, कारण पुढून उडणारे दगड तोच खातो. कंप्रेसरचं तोंड. पाईपांच्या ओ-रिंगा. कुठेही फुगा नाही. तास झाला, काटा जागचा हलेना.

"राहिलं फक्त कूलिंग कॉइल. त्याला डॅशबोर्ड उतरवायला लागेल. नाहीतर भरू का गॅस? बुधवारचं काम होऊन जाईल तुमचं."

खरं सांगतो, 'भरा' अगदी ओठांवर आलं होतं. ऑफिसात आमची एक सर्व्हिस आहे. तिची मेमरी गळते, म्हणून मी रोज रात्री तीन वाजता ती आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवली आहे. 'तात्पुरती.' तिलाही दोन वर्षं झाली. पण सर्व्हिस पडली तर फार तर मॅनेजर ओरडेल. इथे भर उन्हात पाय लांब करून मागच्या सीटवर आई असणार होती.

बॉनेटखाली बघत उभा राहिलो. गेजचा पाईप जिथे लावला होता, तिथेच आजूबाजूला तेलकट धूळ चिकटली होती. आणि त्या तोंडाचं प्लास्टिकचं टोपण गायब!

"काका, इथे साबण लावला?"

"इथे कसा लावणार? इथे तर आपला पाईप आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी पाईप काढला आणि त्या तोंडात फेसाचा थेंब सोडला. एक फुगा आला. फुटला. दुसरा आला.

टायरला असते तशीच आत एक पिन असते. तिचा रबर गेला होता. गेज लावलं की त्याची रिंग ते तोंड घट्ट बंद करायची. मोजायला लावलेलं यंत्रच गळती झाकत होतं! डीबगर लावला की नाहीसे होणारे बग पाहिलेत ना, तसंच. आणि तीनही वेळा गॅस भरला होता तो याच तोंडातून.

पिन पन्नास रुपयांच्या आतली. नायट्रोजन सोडून पिन बदलली, नवं टोपण लावलं, अर्धा तास व्हॅक्यूम लावून ओल काढली आणि बॉनेटच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून, गॅस भरला.

सोमवारी ऑफिसात त्या सर्व्हिसचं तिकीट उघडलं. गळती अजून सापडलेली नाही, पण निदान शोधायला लागलोय.

आणि बुधवारी टेंभुर्णीच्या अलीकडे, बाहेर ऊन रटरटत असताना, मागून आवाज आला, "अरे, तो एसी जरा कमी कर. गारठले मी."