एका कांद्याच्या वजनाची शाल

कुरिअरने आलेली लडी सासूबाईंनी आधी तळहातावर तोलली. उभं आयुष्य नामपूरच्या खळ्यात कांदा निवडण्यात गेलेलं, त्यामुळे हाताला वजन कळतं. लेबल न वाचताच म्हणाल्या, ‘शंभर ग्रॅम. मधला कांदा.’ मग जरा थांबून सुनेकडे बघत अहिराणीत, ‘इतली लोकरमा काय व्हई वं?’

‘शाल, आत्या.’

‘शाल? पोऱ्यानी टोपी व्हई ते व्हई.’

त्या वेळी सुनेने उत्तर दिलं नाही. लडीचे पीळ सोडून तिने ते वेटोळं सासूबाईंच्या दोन्ही हातांत अडकवलं आणि समोर बसून गुंडा करायला घेतला. लडी थेट विणायला घेतली तर दहाव्या मिनिटाला गुंता होतो, तो सोडवायला आख्खी संध्याकाळ जाते. गुंडाळताना समोरच्याला हात होडीसारखे डावी-उजवीकडे झुलवावे लागतात. सासूबाईंना ते शिकवावं लागलं नाही. चारशे मीटर धागा त्यांच्या मनगटांवरून उतरेपर्यंत दोघींच्या गप्पा गावभर फिरून आल्या.

चारशे मीटर म्हणजे किती, हे तिला नेमकं माहीत होतं, कारण आधी एकदा चांगलाच फटका बसला होता. पहिली शाल तिने मानेच्या मध्यापासून सुरू केली होती. चार साखळ्यांचं कडं, त्यात थोडे खांब, मग प्रत्येक ओळीत दोन्ही कडांना आणि मधल्या कण्याला टाके वाढवत जायचं. त्रिकोण झरझर वाढतो. अठ्ठावीस ओळी झाल्या तरी निम्मा गुंडा शिल्लक बघून तिला वाटलं, आता साठ ओळी होतील. चाळिसावी ओळ संपायला वीतभर अंतर राहिलं आणि धागा संपला. तिथे मरून रंगाचा दुसरा धागा जोडला. आजही ती शाल पांघरली की ते वीतभर मरून टोक आत दुमडून घेते.

नंतर कागदावर मांडलं तेव्हा उलगडा झाला. असा त्रिकोण ओळींच्या हिशेबाने वाढत नाही, वर्गाच्या हिशेबाने वाढतो. चाळीस ओळींच्या शालीत पहिल्या अठ्ठावीस ओळी निम्मी लोकर खातात आणि उरलेल्या बाराच ओळी दुसरी निम्मी. शेवटच्या एकट्या ओळीला जवळपास वीस मीटर लागतात. सातवीच्या भूमितीतली गोष्ट, पण सातवीत कुणी लोकर दाखवून ती सांगितली नव्हती.

क्रोशाची शाळा तशी घरोघरी होतीच. महाराष्ट्रातल्या एका पिढीने ती दारावरच्या ‘सुस्वागतम्’मध्ये, टीव्हीवरच्या झालरीत आणि पाण्याच्या तांब्यावरच्या मणी लावलेल्या जाळीच्या झाकणात पाहिली. पांढरा बारीक सुती दोरा, पोलादी सुई, आणि बोलीभाषेसारखे सोपे शब्द: साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. ‘मुका खांब’ हे नाव ज्या बाईला सुचलं तिला सुनेने मनातल्या मनात कितीदा तरी दाद दिली आहे. खांबाआधी सुईवर धाग्याचा वेढा घ्यायचा असतो. मुक्याला वेढा नाही, म्हणून तो बुटका, घट्ट, न बोलणारा. ‘क्रोशा’ हा शब्द मात्र फ्रेंचांचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘छोटा आकडा’.

आकडा एकच, हा या कामाचा सगळा स्वभाव. दोन सुयांच्या विणकामात शेकडो घरं एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. एक निसटलं की खालपर्यंत शिडी उसवते. क्रोशात कोणत्याही क्षणी एकच घर उघडं असतं. वीज गेली, कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, तर ते एक घर जरा मोठं ओढून काम खाली ठेवता येतं. चुकलं तर उसवायला एक झटका पुरतो. नामपुरात थ्री फेजच्या वेळेप्रमाणे रात्री-अपरात्री मोटार चालू करायला उठणाऱ्या घरात हे सोयीचं. याची किंमतही आहे: तेवढ्याच कापडाला क्रोशा दोन सुयांच्या विणकामापेक्षा बरीच जास्त लोकर खातो. एका लडीत शाल बसवायची तर आधी हा खाऊपणा आवरावा लागतो.

त्यासाठी तिने नमुना विणला. वीस खांब घातले, मग उसवले आणि सुटलेला धागा मुलाच्या फूटपट्टीने मोजला. मीटरभर भरला, म्हणजे एका खांबाला पाच सेंटीमीटर. साखळीच्या एका टाक्याला दीड सेंटीमीटरच. चारशे मीटरमध्ये भरीव खांबच घालत गेलं तर आठ हजार खांब, म्हणजे तिच्या हाताने जेमतेम अर्धा चौरस मीटर कापड. पण एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब अशी जाळी धरली, तर त्याच धाग्यात पाऊण चौरस मीटर होतं. जितकं रिकामं तितकं मोठं. सुईही तिने मुद्दाम जाड घेतली. असल्या बारीक लोकरीला तीन मिलिमीटरची सुई पुरते. तिने चारची धरली, म्हणजे टाके सैल पडतात आणि कापड लोळतं. घट्ट विणलेली शाल पाटासारखी उभी राहते, खांद्यावर बसत नाही.

भोकांची शाल ऊब कशी देणार, हा पुढचा प्रश्न शेजारणीचा. ऊब लोकरीची नसते, लोकरीत अडकलेल्या हवेची असते. मेंढीच्या तंतूला निसर्गतःच लाटा असतात, त्या लाटांच्या मधे हवा धरून ठेवली जाते. शाल गळ्याभोवती दोन वेढे घेऊन चुरगळली की एका जाळीवर दुसरी जाळी येते, भोकं झाकली जातात. मात्र मोटारसायकलवर मालेगावच्या रस्त्याला समोरून वारा आला तर ही शाल काहीही कामाची नाही, हेही तिने शेजारणीला सांगून टाकलं. वाऱ्याला घोंगडीच हवी.

घोंगडीची गोष्ट निराळी. दख्खनी मेंढीची लोकर भरड, टोचरी. धनगरांच्या कळपातून ती येते, सणगर ती खड्ड्याच्या मागावर विणतात आणि वर चिंचोक्याची खळ देतात. दोन-तीन किलोंचं ते वस्त्र पावसात, दवात, मेंढ्यांमागे रानात पिढ्यान् पिढ्या टिकलं. त्या लोकरीची नाजूक शाल होणार नाही, आणि या मऊ लोकरीची घोंगडी दोन पावसाळे काढणार नाही. नामपूरच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचा तर कुठल्याच मेंढीशी संबंध नसतो, ते अ‍ॅक्रिलिक. बाळाच्या टोपडी-मोज्यांना ते उत्तम, रोज धुतलं तरी चालतं. शालीसाठी मेंढीचीच लोकर का हवी, ते धुताना कळतं. तो भाग पुढे येईल.

आता हिशेबाचं मुख्य. मानेपासून सुरू केलेल्या त्रिकोणाने एकदा दगा दिला होता, म्हणून या वेळी तिने टोकापासून सुरुवात केली. तीन टाक्यांचं निमुळतं टोक, एक कड सरळ ठेवायची, दुसऱ्या कडेला ठरल्या अंतराने टाके वाढवायचे. निम्मी लोकर संपली की ज्या गतीने वाढवले त्याच गतीने घटवत दुसऱ्या टोकाला जायचं. यात किती ओळी होणार, किती टाके होणार, काहीही आधी ठरवावं लागत नाही. कुठे वळायचं ते काटा सांगतो. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात आणि गुंडा जेवढा असेल तेवढी शाल होते.

काटा मात्र चांगला लागतो. आधी तिने गुंडा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिला. तो पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारत होता, आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मग सराफाकडे असतो तसला खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. पहिल्याच दिवशी त्याने लेबलला खोटं पाडलं: शंभरऐवजी सत्त्याण्णव. तिला वाटलं, फसवणूक झाली. पण लोकर ओलावा पिते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिऊनही ती हाताला ओली लागत नाही. पौषातल्या कोरड्या हवेत तीच लडी हलकी भरते. सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. ‘चाळमाना कांदा बी घटस,’ त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

सत्त्याण्णवातून काठाच्या मुक्या खांबांसाठी सहा बाजूला. उरले एक्याण्णव, त्याचे निम्मे साडेपंचेचाळीस. म्हणजे काट्यावर साडेएक्कावन्न दिसले की परतायचं. हा आकडा तिने फ्रिजवर चिकटवला.

मधले दिवस सांगण्यासारखे नाहीत. दुपारी उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या बायांचा चहा, संध्याकाळी दीड तास जाळी. एकदाच गडबड झाली. बोलण्याच्या नादात वाढीच्या ओळींत तिने ठरल्यापेक्षा दुप्पट टाके घातले आणि कड पालकाच्या पानासारखी मुरडू लागली. उसवण्याआधी ती बराच वेळ त्या मुरडीकडे बघत बसली, कारण हीच चूक एका बाईने मुद्दाम केली होती. मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्रोशाने ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभाग विणला. कागदाचे तुकडे चिकटवून केलेली मॉडेलं फाटत. लोकरीचं मॉडेल विद्यार्थ्यांना हातात घेऊन दुमडता येऊ लागलं. दर ओळीत टाके त्याच प्रमाणात वाढत गेले तर कापड सपाट राहूच शकत नाही, त्याला लाटा याव्याच लागतात. एवढं आठवून झाल्यावर तिने चार ओळी उसवल्या.

दहाव्या दिवशी काट्यावर साडेएक्कावन्न आले. ओळीच्या ऐन मध्यात. ती ओळ पूर्ण करून तिने काम परतवलं आणि पहिला टाका घटवला.

या वेळेचे पैसे किती, हे लोक विचारतातच. रोज दीड तास धरला तर साधारण सतरा दिवस, म्हणजे पंचवीस तास. एका ओळखीच्या बाईंनी ‘दोनशे रुपये देते, मला एक करून दे’ म्हटलं, तेही लोकरीसकट. रागावण्यात अर्थ नाही; पलीकडे मालेगावात यंत्रमागावर दिवसाकाठी कितीतरी मीटर कापड पडतं, त्या भावाची सवय आहे सगळ्यांना. पण माग उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड करतो. खरा क्रोशा घालणारं यंत्र अजून कारखान्यात आलेलं नाही. बाजारातलं स्वस्त क्रोशाकामसुद्धा कुणाच्या तरी हातचंच असतं. आंध्रातल्या नरसापूरला स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेल्या या कामावर हजारो बायका राबल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते हे की लेस परदेशी जाई, व्यापाऱ्यांची घरं उभी राहत आणि विणणारीची गणना ‘रिकाम्या वेळात काहीतरी करणारी गृहिणी’ अशीच होई. दोनशे रुपयेवाल्या बाईंना तिने हे सारं ऐकवलं नाही. ‘सुई देते, शिकवते’ एवढंच म्हणाली. त्या आल्या नाहीत.

शाल विणून झाली तेव्हा दिसायला अगदी भिकार होती. आक्रसलेली, गोळा झालेली, धुणं पिळून टाकल्यासारखी. क्रोशाची जाळी अशीच उतरते. खरं रूप येतं पाण्यानंतर. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात शाल अर्धा तास नुसती बुडवून ठेवली. चोळायचं नाही, गरम पाणी नाही, नाहीतर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. मग पंच्यात गुंडाळून दाबून पाणी काढलं आणि सावलीत गादीवर चादर अंथरून ती ताणली. इथे मेंढीची लोकर कामी येते: ओली असताना ताणाल ती मापं ती वाळल्यावर धरून ठेवते. अ‍ॅक्रिलिकला पाण्याने हे जमत नाही. वाफ द्यावी तर ते विरघळल्यासारखं लुळं पडतं.

टाचण्यांबाबत मात्र शहाणपण उशिरा आलं होतं. पहिल्या, मरून टोकाच्या शालीला तिने शिवणाच्या डब्यातल्या जुन्या टाचण्या लावल्या होत्या, आणि सकाळी काठावर गंजाचे अकरा ठिपके उमटले होते. या वेळी न गंजणाऱ्या आणल्या. सरळ कडेत धागा ओवून तो गादीच्या दोन टोकांना ताठ बांधला, मग दुसरी कड वीतभर अंतराने टाचत गेली. दोन मीटर लांब, मधे दीड हाताहून थोडी जास्त रुंद. जाळीचं एकेक भोक चौकोनी उघडलं. खालच्या चादरीवरची फुलं त्यातून मोजता येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाळली. टाचण्या काढल्यावर तिने घडी करून काट्यावर ठेवली: पंच्याण्णव ग्रॅम. दोन ग्रॅमची गुंडी उरली होती, आठेक मीटरची.

सासूबाईंनी शाल खांद्यावर घेतली, काढली, पुन्हा घेतली. अंगावर आहे की नाही ते चाचपून पाहिलं. मग बोटातली अंगठी काढून शालीचं टोक तिच्यात घातलं. अंगठीतून जाणाऱ्या शालीच्या गोष्टी त्यांनीही कुठेतरी ऐकल्या होत्या. टोक गेलं, वीतभर गेलं, आणि मधल्या रुंदीला येऊन अडकलं. ‘आडकनी वं,’ त्या हसल्या. अडकलेली शाल अंगठीतून सोडवायला दोघींना बरीच मिनिटं लागली. एक खांब ओढला गेला, तो सुईच्या टोकाने मागे सारून सारखा करावा लागला.

उरलेली गुंडी सासूबाईंनी मागून घेतली. खळ्याच्या कुलपाची किल्ली सारखी हरवते, तिला बांधायला.