न मोडलेली वस्तू

आमच्या मराठीच्या सरांचा संदेश रोज सकाळी सहाच्या सुमारास येतो. १९८३ साली एसएसएलसी झालेले आम्ही तीस-बत्तीस जण आज पुणे, बडोदे, हैदराबाद, गोवा असे पांगलो आहोत. कुणी बँकेतून निवृत्त झाले, कुणी आजोबा झाले. पण सकाळी चहाचा कप हातात घेतला की सगळे पुन्हा त्याच वर्गात येऊन बसतो. सरांचा संदेश म्हणजे फुलांचे चित्र नव्हे की उसना सुविचार नव्हे. एक शब्द, त्याचे योग्य लेखन आणि एखादे वाक्य, एवढेच. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ‘ज’ आहेत, असे त्यांनी एकदा लिहिले. त्या दिवशी मी शाळेत जरा लवकर गेलो आणि मुख्य फलकावरचा ‘उज्वल’ कुणाच्या लक्षात येण्याआधी रंगाऱ्याकडून दुरुस्त करून घेतला. मुख्याध्यापकालाही कुणीतरी मुख्याध्यापक असावा लागतो.

सरांनी आता त्र्याऐंशी ओलांडली आहे. मुलगा हैदराबादला. पत्नी गेल्यापासून सर खानापूरच्या जुन्या कौलारू घरात एकटे राहतात. कानांनी साथ सोडल्यापासून फोनवर बोलणे त्यांनी बंद केले आहे. घंटी वाजली तरी त्यांना ऐकू येत नाही. म्हणून त्यांचा सारा व्यवहार त्या छोट्या पडद्यावरच्या अक्षरांतून चालतो. फोन तसा जुनाच. मुलाने कधीतरी घेऊन दिलेला, कडेला थोडा खरचटलेला. त्या फोनवर काही अक्षरे उमटत नसत, त्यांच्या जागी चौकोन दिसत. एकदा सरांनी विचारले होते, “तुम्ही सगळे ‘चौकोनप’, ‘चौकोनप’ असं लिहिता, ते काय असतं?” आम्ही ‘ॲप’ लिहीत होतो. त्यातला ‘ॲ’ त्यांच्या फोनला ठाऊकच नव्हता. तेव्हापासून आमच्यात ‘चौकोनप’ हा शब्द रूढ झाला.

एका पौषातली गोष्ट. एका सकाळी सरांचा संदेश आला नाही. थंडीमुळे उठायला उशीर झाला असेल, असे वाटले. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी हैदराबादहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला, आणि त्याच्या आवाजावरूनच कळले की आपल्या मनात जे येते आहे तेच त्याच्याही मनात आले आहे. वयाचा आकडा अशा वेळी फार मोठ्याने बोलतो. चौथा दिवस रविवारचा होता. मी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळची पहिली मिळेल ती बस पकडली. खानापूरचे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे. पण त्या दिवशी तो रस्ता संपेना.

सर अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात बसले होते. अंगावर शाल, हातात फोन. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला, पण पहिले वाक्य आले ते असे : “काय रे, तुम्ही सगळे गप्प का झालात? चार दिवस झाले, एकाचाही शब्द नाही. म्हटलं, कंटाळली पोरं. बरोबरच आहे की, किती दिवस ऐकतील!”

मी काहीच बोललो नाही. त्यांच्या शेजारी बसलो आणि फोन हातात घेतला. पडद्यावर चार ओळींची सूचना होती. संदेशांचे ते ॲप यापुढे या फोनवर चालणार नाही, असा तिचा अर्थ. तशा सूचना आधीही येऊन गेल्या असणार. सरांनी त्या जाहिराती समजून बाजूला सारल्या होत्या. फोनला काहीही झालेले नव्हते. तो तापत नव्हता, अडखळत नव्हता, बॅटरीही बऱ्यापैकी टिकत होती. इकडे आम्ही बत्तीस जण एका माणसाच्या जिवाची काळजी करीत होतो आणि तिकडे तो माणूस आपण नकोसे झालो असे समजून चार दिवस उन्हात बसून होता.

त्या दुपारी वही घेऊन मी सरांना ‘अपडेट’ म्हणजे काय ते समजावून सांगायला बसलो. जन्मात पहिल्यांदाच मी शिक्षक आणि ते विद्यार्थी. ऐकू येत नसल्यामुळे सगळे लिहूनच दाखवावे लागले.

आमच्याकडच्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड ही कार्यप्रणाली असते. ती घेऊन पहिला फोन २००८ साली बाजारात आला. गूगल तिची नवी आवृत्ती दरवर्षी तयार करते. पण ती थेट आपल्या हातात येत नाही. आधी फोनची चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवून घेते. मग फोन बनवणारी कंपनी तिच्यावर आपला साज चढवते, चाचण्या घेते आणि मगच ती आपल्या फोनवर येते. सरकारने अभ्यासक्रम बदलावा, मंडळाने पुस्तक छापावे, ते डेपोत यावे आणि मग शाळेत पोहोचावे, तशीच ही साखळी. तिच्यातली एक कडी जरी ‘आता पुरे’ म्हणून बसली, तरी पुढे काहीच सरकत नाही. चिपच्या कंपनीने जुन्या चिपकडे लक्ष देणे थांबवले की फोनच्या कंपनीची इच्छा असली तरी तिचे हात बांधले जातात.

सरांनी वहीवरून मान वर केली आणि म्हणाले, “पण माझं पुस्तक फाटलेलं नाही.”

मी लिहिले, “पुस्तक फाटलेलं नसतं, सर. परीक्षा मात्र त्यातून येत नाही.”

ते हसले. उपमा त्यांना पटली, न्याय पटला नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असेही नाही. कार्यप्रणालीत नव्या-नव्या त्रुटी सापडत राहतात, आणि त्या चोरांनाही सापडतात. सुरक्षेचा अपडेट म्हणजे घराचे कुलूप बदलणे. ज्या फोनचे कुलूप कित्येक वर्षांत बदललेले नाही, त्यात पेन्शनच्या बँकेचे ॲप ठेवणे शहाणपणाचे नाही. शिवाय दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक आवृत्तीवर आपले ॲप चालते ठेवायचे तर त्याला माणसे लागतात, पैसा लागतो. हे सारे मान्य. पण याच व्यवसायात ग्राहकाला अंधारात ठेवण्याची सवयही आहे. जुन्या बॅटरीचे काही आयफोन सॉफ्टवेअरच्या द्वारे मंद केले जातात, हे ॲपलने मान्य केले ते २०१७ च्या डिसेंबरात, लोकांनी स्वतः मोजमापे करून ते उघडकीला आणल्यावर. बॅटरी थकली की फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून हे केले, असा खुलासा कंपनीने केला. तो खराही असेल. पण बॅटरी बदलली की फोन पुन्हा वेगाने चालतो, हे आधी सांगितले असते तर कित्येकांनी नवा फोन घेतलाच नसता. २०१८ साली इटलीच्या स्पर्धा नियामकाने जुने फोन मंदावणाऱ्या अपडेटांबद्दल ॲपल आणि सॅमसंग या दोघांनाही दंड केला, आणि २०२० साली फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला तो मुख्यतः हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

सरांचेही दुःख हेच होते. माझी वही वाचून झाल्यावर ते बराच वेळ अंगणातल्या पेरूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं. तेव्हा माझं काय बिघडलं होतं? पण निदान कागद तरी आला होता रे. वर्षभर आधीपासून तारीख ठाऊक होती. शेवटच्या दिवशी मुलांनी हार घातला. याला कुणी काही सांगितलं नाही, आणि मलाही नाही.”

मला सेवानिवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले नाही. तशी गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर मला औषधाची बाटली आठवली. तिच्यावर तारीख छापलेली असते. फोन हजारो रुपयांचा. त्याच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे आकडे ठळक असतात, पण तो किती वर्षे सांभाळला जाईल ते सहसा दिसत नाही. ते शोधावे लागते, आणि शोधायला बसणारा माणूस क्वचितच स्वतःसाठी शोधत असतो. गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारते आहे, हे खरे. पूर्वी दोन-तीन वर्षांवर फोनची बोळवण होत असे. २०२३ साली गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगने आपल्या गॅलॅक्सी एस २४ साठी तेच केले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला आहे : एखाद्या नमुन्याच्या फोनची विक्री कंपनीने थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याला कार्यप्रणालीचे अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडेही वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली होती. पण सात वर्षांची वचने मुख्यतः महागड्या फोनांची आहेत. खानापूर तालुक्यातला शेतकरी किंवा माझ्या शाळेतला शिपाई जो फोन घेतो, त्याला बहुधा कमी वर्षे मिळतात. त्यातही एक मेख आहे. ही वर्षे साधारणपणे तुम्ही फोन घेतल्यापासून मोजत नाहीत, तर तो नमुना बाजारात आला तेव्हापासून मोजतात. सवलतीत मिळाला म्हणून दोन वर्षांपूर्वीचा ‘नवा’ फोन घेतला, तर त्याच्या आयुष्यातली दोन वर्षे दुकानाच्या कपाटातच सरलेली असतात.

आणि पुढे हा प्रश्न अधिक मोठा होणार आहे. आता म्हणे फोन आपल्याशी बोलणार, आपल्यासाठी लिहिणार, विचारही करणार. त्यातला बराचसा विचार फोनमध्ये होत नाही. दूरच्या कुठल्या तरी मोठ्या संगणकांवर होतो. म्हणजे हातात असते ती वस्तूची काया, तिचा प्राण परगावी. २०२४ साली अमेरिकेत ह्युमेन नावाच्या कंपनीने छातीवर लावायचे एक बोलके यंत्र काढले. फोनची जागा ते घेणार, असा गाजावाजा होता. किंमत ६९९ डॉलर. वर्षही पुरे झाले नाही तोच कंपनीने आपला बराचसा पसारा विकला, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिचे दूरचे संगणक बंद झाले आणि लोकांच्या छातीवरची ती यंत्रे जवळजवळ निरुपयोगी होऊन गेली. एकही मोडलेले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी खडेबाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानातला मुलगा कन्नडभाषक. माझे कन्नड आणि त्याचे मराठी यांची गाठ मधेच कुठेतरी पडली. “याला अपडेट किती वर्षं मिळतात?” या माझ्या प्रश्नावर तो क्षणभर गोंधळला. रोज शेकडो गिऱ्हाइके कॅमेरा विचारतात, हे कुणी विचारत नाही. पण पोरगा मनाचा चांगला. त्याने कंपनीच्या संकेतस्थळावर शोध घेतला आणि त्याच वर्षी निघालेला, बेताच्या किमतीचा, सहा वर्षांचे वचन असलेला एक फोन काढून दिला. चालू केल्यावर पहिल्याच पडद्यावर फोनने विचारले, भाषा कोणती? खाली यादी होती. तिच्यात कन्नड होती, मराठीही होती. या एका प्रश्नावर आमच्या जिल्ह्यात किती मोर्चे निघाले, किती पिढ्यांचे आयुष्य गेले! इथे बोट टेकवले आणि काम झाले. मुलगा माझ्याकडे पाहून हसला, मीही हसलो.

सरांना नवा फोन दिला तेव्हा त्यांनी एकच अट घातली : जुना टाकायचा नाही. तो आता त्यांच्या उशाशी असतो. रात्री उठले की वेळ दाखवतो आणि विजेरीचे काम करतो. त्या कामासाठी त्याला कुणाचा अपडेट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संदेश आला. “आजचे अक्षर : ॲ. माझ्या नव्या फोनवर हे स्वच्छ दिसते. इतके दिवस तुम्ही काय लिहीत होता ते आज कळले.” मी कुतूहलाने शोधले, तेव्हा कळले की जगातल्या लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या मराठीला लागणारा हा ‘ॲ’ तिथे स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली. म्हणजे ‘ॲप’ हा शब्द नीट लिहिण्यासाठी आपल्या लिपीलाच आधी एक अपडेट घ्यावा लागला होता. मी तसे सरांना कळवले. त्यांचे उत्तर आले, “लिपीने नवे घेतले, जुने एकही अक्षर टाकले नाही. हे तुझ्या कंपन्यांना सांग.”

कंपन्यांना सांगण्याइतका मी मोठा नाही. पण त्यानंतर शाळेच्या पालकसभेत मी फोनबद्दल बोलतो तेव्हा दोन गोष्टी सांगतो. घेताना तारीख विचारा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर काही सूचना आली आहे का, ते आठवड्यातून एकदा बघा.

त्या दिवशी निघताना सरांनी नव्या फोनकडे बोट दाखवून मोठ्याने विचारले होते, “हा किती वर्षं चालणार रे?”

मी सहा बोटे दाखवली.

सरांनी मनाशी हिशेब केला. त्र्याऐंशी आणि सहा. मग समाधानाने मान डोलावून म्हणाले, “मग हरकत नाही. आम्ही दोघं बरोबरच निवृत्त होऊ.”