अनेकांचे एक घर : मॉरिशस

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे जाण्याचा योग आला, तर बंदरालगतच्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या अवश्य पाहाव्यात. १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर या बंदरात उतरले. मुंबईहून निघालेले कोकणातील मराठी लोकही त्यांत होते. तेथून थोडे चालून गेले, की चिनी पेठ आणि तिच्या कडेला जुम्मा मशीद लागते. शहरातील कॅथेड्रलमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज प्रार्थना करतात. रस्त्यावर मात्र बहुतेकांच्या तोंडी एकच बोली असते, ती क्रेओल.

अशा भिन्न लोकांचे एक राष्ट्र कसे व्हावे? १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यविरोधी पक्षास पडली. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल उसळली आणि त्याच वर्षी १२ मार्च रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान डॉ. शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये विरोधी नेते गाएताँ द्यूवाल यांनाच मंत्रिमंडळात घेतले. हरलेल्यालाही घरात जागा असावी, असा या निर्णयाचा अर्थ होता. त्याचे मोलही द्यावे लागले : १९७२ ची निवडणूक १९७६ पर्यंत लांबली.

राज्यघटनेतही हेच तत्त्व आहे. ६२ सभासद निवडून आल्यावर, ज्या जमातीस पुरेसे प्रतिनिधी लाभले नाहीत, तिच्या पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना सभागृहात घेण्याची तरतूद स्वातंत्र्यापूर्वीच आली. त्यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी आणि सर्वसाधारण असे चार रकाने ठरले. मराठी कुटुंबे हिंदूंच्या रकान्यात मोजली गेली.

या व्यवस्थेने अल्पसंख्यांना धीर दिला, हे खरे. परंतु तिचा आधार १९७२ ची जनगणना हाच राहिला, कारण पुढील गणनांतून जमातीचा प्रश्नच वगळण्यात आला. काही उमेदवारांनी आपली जमात सांगण्यास नकार दिला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांची तक्रार ग्राह्य धरली आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती शिथिल झाली.

पोर्ट लुईच्या मंडईत भाजी घेणाऱ्यास कोणी त्याचा रकाना विचारीत नाही. संसदेच्या दारातही तो विचारावा लागू नये, आणि तरीही कोणी दाराबाहेर राहू नये, हीच रामगुलामांच्या नंतरच्या पिढ्यांची कसोटी आहे.